पूर्वरंग आणि आमचा उत्तररंग

पु. ल. देशपांड्यांचं ‘पूर्वरंग’ 1963 सालचं. वाशिमच्या आमच्या ओसरीवर मी ते यंदा तिसऱ्यांदा वाचलं, पण हातात पेन्सिल घेऊन पहिल्यांदाच. निवृत्तीच्या पैशांतून जपानात नेऊन चेरीचा बहर दाखवीन, असं सौभाग्यवतींना मी कबूल करून बसलो होतो ना!

टीकाकार म्हणून माझं मत असं, की अंदाजपत्रकाला हे पुस्तक काडीच्या कामाचं नाही. टोकियोत बहर मार्चअखेरीस येतो, ऐन भरात जेमतेम आठवडाभर टिकतो आणि नेमकी तेव्हाच भाडी चढतात. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनांवरून 50,000 वर गेला. ते पुलंनी कुठून सांगावं? शेवटी हिशेब मीच मांडला. पास नको, शहर एकच, उएनो बागेला तिकीट नाही, झाडाखाली सतरंजी, दशम्या घरच्या.

“म्हणजे हुरड्याची पार्टीच की!” ही म्हणाली. “मग पुस्तकातून काय घेतलंत?”

इथे माझी टीका अडखळली. कुठे स्वस्तात बसावं ते हिशेब सांगतो. बसल्यावर शेजारच्या सतरंजीवरच्या परक्या माणसाकडे सोयऱ्यासारखं कसं बघावं, ते पुलं शिकवतात. ते जमत नसेल तर वाशिमचा फुकटचा पळस काय वाईट?

शेवटी कीर्तनाचाच न्याय. पूर्वरंग बुवांनी रंगवायचा. आरतीचं ताट फिरलं, की खिशात हात मात्र आपणच घालायचा.