संस्कृतीचा ऱ्हास आणि भाषेची साक्ष : यादव-पतनाच्या मीमांसेची एक तपासणी

संस्कृती का उदयास येतात आणि का लयास जातात, या प्रश्नाने इतिहासचिंतकांना फार पूर्वीपासून गुंतवून ठेवले आहे. इब्न खल्दून याने १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात टोळीची एकजूट आणि नगरसुखात होणारा तिचा क्षय यांत या प्रश्नाचे उत्तर शोधले. स्पेंग्लर याने संस्कृतीच्या ठिकाणी सजीवाप्रमाणे तारुण्य व वार्धक्य कल्पिले. टॉयन्बी याने १९३४ ते १९६१ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आव्हान व प्रतिसाद यांचा सिद्धान्त मांडला. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न अशा सर्वसामान्य रूपात क्वचितच विचारला गेला. येथे तो दोन घटनांच्या अनुरोधाने चर्चिला गेला : देवगिरीच्या यादवांचे पतन आणि त्यानंतर साडेतीन शतकांनी झालेला मराठी सत्तेचा उदय.

या चर्चेत दोन मते प्रमुख होत. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात संतांच्या चळवळीला त्या उदयाच्या मुळाशी मानाचे स्थान दिले. याउलट इतिहासाचार्य राजवाडे यांनी संतांची शिकवण निवृत्तिपर ठरविली व पारतंत्र्याच्या तीन शतकांचे बरेचसे खापर तिच्या माथी फोडले. रामदासांचा तेवढा अपवाद केला. या वादात पुढे अनेकांनी भाग घेतला. गं. बा. सरदार यांचा ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ हा १९५० सालचा ग्रंथ त्यांतील एक महत्त्वाचा टप्पा होय. तथापि एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. एकच चळवळ एकाच्या मते उदयाचे कारण ठरते आणि दुसऱ्याच्या मते ऱ्हासाचे. ज्या कारणापासून परस्परविरुद्ध कार्ये निष्पन्न होतात असे सांगितले जाते, त्या कारणाच्या कारणत्वाचीच प्रथम तपासणी व्हावयास हवी.

पहिली कसोटी कालक्रमाची. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली. अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील पहिली स्वारी १२९६ सालची. सहा वर्षांत एखादा ग्रंथ सबंध समाजाचे मनगट दुबळे करू शकत नाही. हेमाद्रीच्या व्रतखंडाने यादव राज्य पोखरले, हे दुसरे मतही असेच घाईचे आहे. ज्या काळात देवगिरी पडली, त्याच काळात गुजरातचे वाघेले, माळव्याचे परमार, ओरंगळचे काकतीय (१३२३) आणि काहीसे नंतर द्वारसमुद्राचे होयसळ हेही लयास गेले. या राज्यांत वारकरी पंथाचे प्राबल्य नव्हते. सर्वत्र सारखेच कार्य घडले असता त्याचे कारण एकाच प्रांताच्या भक्तिपंथात शोधणे तर्काला धरून नाही. १२९६ साली सैन्याचा मोठा भाग युवराज शंकरदेवाबरोबर राजधानीपासून दूर होता, ही साधी गोष्ट अनेक तात्त्विक उपपत्तींपेक्षा अधिक सांगून जाते.

दुसरी कसोटी भूगोलाची. आणि ती दोन्ही पक्षांना सारखीच अडचणीची आहे. कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे गाव ज्या हिंगोली जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात कयाधूच्या काठी नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान नरसी आहे. विसोबा खेचरांच्या कथेने नामदेवांशी जोडलेले औंढा नागनाथाचे यादवकालीन शिल्पवैभवही येथेच आहे. जनाबाईंचे गंगाखेड, ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे आपेगाव, एकनाथांचे पैठण ही सर्व मराठवाड्यात येतात. संतांची शिकवण हेच सत्तेच्या उदयाचे पुरेसे कारण असते, तर तो उदय प्रथम गोदावरीच्या खोऱ्यात व्हावयास हवा होता. तो झाला मावळात. उलट, तीच शिकवण दुर्बलतेचे कारण असती, तर तुकारामांच्या देहूपासून काही कोसांवर, त्यांच्याच हयातीत, स्वराज्याचा आरंभ झाला नसता. सह्याद्रीचे दुर्ग, वतनदारांचे परस्परसंबंध, निजामशाहीचा अस्त अशी कारणे यापेक्षा अधिक विचारार्ह आहेत.

असे असेल तर मराठी संस्कृतीचा ऱ्हास झाला तो नेमका कशाचा? येथे भाषेची साक्ष घेणे अवश्य ठरते. १३१८ साली हरपालदेवाच्या वधाने यादवांची सत्ता संपुष्टात आली. तेव्हापासून १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपेपर्यंत, काही काळाचे व काही भागांचे अपवाद वगळता, मराठवाडा दिल्लीचे सुलतान, बहमनी व तिच्या वारस शाह्या, मोगल आणि आसफजाही यांच्या अमलाखाली होता. ही ६३० वर्षे होत. राज्य गेले की संस्कृती जाते, हे समीकरण खरे असते तर येथील मराठी केव्हाच लुप्त व्हावयास हवी होती.

प्रत्यक्षात काय घडले, हे या गावाच्या पत्त्यावरूनही दिसते. ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ हे शब्द मूळचे अरबी; ते राज्यकारभाराबरोबर आले. ‘आखाडा’ हा मात्र संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला आहे. अन्यत्र तो मल्लांच्या वा साधूंच्या स्थानाचा वाचक असला, तरी मराठवाड्यात शेतावरील वस्तीलाही आखाडाच म्हणतात. दप्तर, वसूल, फिर्याद, जमीन हे शब्द सरकारदरबारातून आले. औत, वखर, तिफण, खळे हे शब्द शेतातून हलले नाहीत. विभक्तिप्रत्यय व क्रियापदांची रूपे यांनाही धक्का लागला नाही. फारशीचा मराठीवरील परिणाम साक्षेपाने तपासणाऱ्यांत राजवाडे अग्रणी होते. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही त्यांनीच १९०९ साली सिद्ध केले. व्याकरणकार राजवाडे यांनी जमविलेला पुरावा इतिहासकार राजवाडे यांच्या निर्णयाला बाध आणतो, असे म्हणणे भाग आहे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, या घटनेचा अर्थही असाच आहे. पाठ अशुद्ध झाला होता, कारण ग्रंथ जवळजवळ तीन शतके हातोहाती फिरत होता. न वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात पाठभेद वाढत नाहीत.

याउलट सुमेरी भाषेचे उदाहरण पाहावे. ऊर नगरीची सत्ता इसवी सनापूर्वी २००० च्या सुमारास कोसळल्यानंतरही पुरोहित व लेखनिक यांनी ती भाषा पुढे कित्येक शतके लेखनात राखली. पण घरात व शेतात ती बोलणारे उरले नव्हते. तेथे विद्या राहिली व बोली गेली. महाराष्ट्रात दरबार गेला व बोली राहिली. राज्य, दरबारी विद्या आणि लोकव्यवहार हे संस्कृतीचे तीन भिन्न थर असून त्यांचे उदयास्त एकाच वेगाने होत नाहीत. इब्न खल्दूनचे विवेचन प्रामुख्याने पहिल्या थराला लागू पडते. टॉयन्बीच्या सर्जनशील अल्पसंख्यांचा शोध महाराष्ट्रात राजसभेत घेण्यापेक्षा शिंप्याच्या आणि दासीच्या अभंगांत घ्यावा लागतो.

तथापि भाषा टिकली एवढ्यावरून ऱ्हास झालाच नाही, असे अनुमान काढणे भाबडेपणाचे होईल. भाषा जिवंत राहूनही तिची क्षेत्रे संकोच पावतात. यादवकाळात मराठी शिलालेखांत व दानपत्रांत शिरली होती. पुढे हिशेब, न्याय व राजनीती या क्षेत्रांत ती परक्या शब्दांनी झाकली गेली. शिवकालीन ‘राजव्यवहारकोश’ हा त्या क्षेत्रावर पुन्हा हक्क सांगण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देता येते हे दाखविले. परंतु संस्थानातील मराठी विद्यार्थ्याला ते त्याच्या भाषेत लाभले नाही. ऱ्हासाचे खरे माप हेच होय : समाज आपल्या भाषेत किती प्रकारची कामे करू शकतो.

या मापाने पाहिल्यास संतांवरील आरोप उलटा ठरतो. तत्त्वचिंतनाचे क्षेत्र संस्कृतातून मराठीत आणणारे ग्रंथ ऱ्हासाचे कारण असू शकत नाहीत. त्यांनी सत्ता निर्माण केली नाही, तशी ती घालविलीही नाही. समाजाची एक क्षमता मात्र वाढविली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तो भूतकाळाचा गौरव आहे, भविष्याची हमी नव्हे. ज्या भाषेने ६३० वर्षे राजाश्रयाच्या अभावी निभाव धरला, तिची विज्ञानाची, न्यायाची आणि उच्च शिक्षणाची क्षेत्रे तिच्याच राज्यात ओस पडू लागली, तर त्या ऱ्हासाचा दोष खिलजीवर घालता येणार नाही, आणि नामदेवांवर तर नाहीच नाही.