प्रदर्शनातील विमाने आणि कपाटातील कागद : लष्करी अभिलेखांच्या उपलब्धतेचा प्रश्न

गोव्यात दाबोळीनजीक १९९८ मध्ये खुल्या झालेल्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक व अलिझे ही विमाने पाहावयास मिळतात. डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत'वरून याच जातींच्या विमानांनी पूर्व पाकिस्तानातील लक्ष्यांवर हल्ले केले. तथापि विमान ही वस्तू होय. उड्डाणनोंदी, आदेश व अहवाल हा इतिहासाचा पुरावा होय. तो प्रवेशिका काढून मिळत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या जून २०२१ च्या धोरणानुसार असे अभिलेख सर्वसाधारणपणे २५ वर्षांत गोपनीयतेतून मुक्त व्हावयाचे आहेत. परंतु अभिलेखसूची हाती नसेल, तर अभ्यासकाने अर्जात नेमके काय मागावे? संदिग्ध अर्ज नाकारणे सोपे असते.

वसईच्या अभ्यासकास १७३९ च्या मोहिमेचे कागद आज सहज लाभतात, कारण गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० च्या दशकात छापले गेले. तत्पूर्वी ते दफ्तरही एतद्देशीय संशोधकांना जवळजवळ बंदच होते. राष्ट्रसुरक्षेची मर्यादा मान्यच आहे; मात्र जुन्या कागदांची सूची प्रसिद्ध करणे म्हणजे गुपित फोडणे नव्हे. सूचीवाचून संशोधनाचा अधिकार केवळ कागदावरच उरतो.