मैफल, जलसा आणि आपली समीक्षा

मराठीत मैफलींच्या आठवणींचे एक स्वतंत्र दालनच आहे. गोविंदराव टेंब्यांच्या ‘माझा संगीत व्यासंग’पासून (१९३९) आजच्या दिवाळी अंकांपर्यंत ते भरत आले आहे. कोणी कोणता राग कुठे गाइला, कोणत्या जागेवर कोणाची मान डोलली, तंबोरे कसे लागले होते, याचे तपशील त्यात जपून ठेवलेले आहेत. या दालनाच्या मध्यभागी एक तारीख टांगलेली आहे : ८ जुलै १९२१. त्या रात्री मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले आणि ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेले. तो प्रयोग पाहिलेला माणूस आज हयात असणे शक्य नाही. तरी ती रात्र आपण पाहिली असावी अशा थाटात तिच्याविषयी लिहिणारे अजून निघतात. याला हरकत घ्यायची नाही. स्मरण असेच टिकते. ज्यांच्या हाती लेखणी असते, छापखाना असतो, त्यांची रात्र शंभर वर्षे जगते.

त्यानंतर दहाच वर्षांनी, १९३१ च्या सुमारास, नाशिकला भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून पेटलेला होता. जलसा गावोगाव गेला. बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या बरोबरीने एका जलशाला मानले, असे आपण सगळेच सांगतो, व्यासपीठावरून तर हटकून सांगतो. पण त्यातली एक तरी रात्र आपल्याला तारखेसकट ठाऊक आहे काय? कोणत्या गावी, कोणाच्या अंगणात, कोणत्या वगाला लोक हसले आणि कोठे गप्प झाले, हे कोणाला सांगता येईल? जे थोडेफार हाती आहे ते कर्डकांनी स्वतः ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ मध्ये लिहून ठेवले म्हणून. म्हणजे ज्याने जलसा केला त्यानेच तो लिहावा, आणि तोही सुमारे पंचेचाळीस वर्षांनी. श्रोत्यांपैकी कोणी लिहिले नाही. श्रोत्यांना लिहिता येत नव्हते हे एक कारण झाले. ज्यांना पुढे लिहिता आले त्यांनीही लिहिले नाही, ते कशामुळे?

दोष प्रस्थापितांच्या पदरात टाकून मोकळे होणे सोपे आहे. त्यांनी पाहिले नाही, हे खरेच. पण आपल्या समीक्षेने तरी काय पाहिले? दलित समीक्षा कविता, कथा आणि आत्मकथन यांवर जन्मभर भांडली. अनुभवाची सच्चाई, नकार, विद्रोह, बांधिलकी हे शब्द तिने घासूनपुसून वापरात आणले. गाण्याकडे मात्र ते छापून पुस्तकात आल्यावरच ती वळली. वामनदादा कर्डकांचे (१९२२–२००४) उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. अक्षरे त्याने हाताला आली ती वाढत्या वयात, कष्ट करता करता. १९४३ पासून जवळजवळ सहा दशके तो लिहीत आणि गात राहिला. त्याच्या गीतांचे संग्रह निघाले, प्रबंध झाले. त्या प्रबंधांत काय असते? प्रतिमा किती, यमक कसे, बाबासाहेबांचे दर्शन कोणत्या अंगाने. कागदावरचे गाणे वाचून कोणी त्याला महाकवी म्हणतो, कोणी ते बाळबोध ठरवतो. दोघेही ज्या वस्तूविषयी बोलत आहेत ती त्यांच्यासमोर नाही. कागदावर आहे ते गाण्याचे टिपण. गाणे त्या रात्री होते.

म्हणून त्या रात्रीची घडण आधी पाहिली पाहिजे. चौदा एप्रिलला जयंती. पण कार्यक्रम मे अखेरपर्यंत चालत, कारण गायक पार्ट्या मोजक्या आणि वस्त्या पुष्कळ. वर्गणी घरटी. मंडप म्हणजे चार बांबू आणि मागून आणलेले कापड. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरस. कव्वालीचा मुकाबला असला तर दोन पार्ट्या समोरासमोर. कार्यक्रम सुरू होई दहा-साडेदहाला, आणि त्याचे कारण कोणत्याही रागाच्या प्रहरात नव्हते. माणसे रोजंदारीवरून येत, अंघोळ करून जेवत, मग येत. बायका भांडी उरकून, पोर कडेला घेऊन, गोधडीसकट येत. पहिली एक-दोन गाणी पुरुषांपुरती आणि पोरांपुरतीच असत. जाणता गायक आपली बाईवरची, आईवरची, रमाईवरची गाणी अकरानंतर काढी, कारण तेव्हा ऐकणारी येऊन बसलेली असे. या क्रमाचा अभ्यास कोणत्या प्रबंधात आहे?

दोन गाण्यांच्या मधले बोलणे हा तर या कलेचा निम्मा भाग. बक्षीस येई, देणाऱ्याचे नाव पुकारले जाई : अमक्या तमक्याकडून पाच रुपये. त्या नावात त्या माणसाची वर्षाची प्रतिष्ठा होती. गावच्या पाटलाने विहिरीवर काय केले, कोणाचा पोरगा मॅट्रिकला बसला, कोणाच्या घरात अजून कोंबडे कापले जाते, हे सगळे गायकाला आधी कानावर घातलेले असे आणि ते गाण्याच्या अलीकडे-पलीकडे बरोबर येई. एका गावात सरळ म्हटलेली ओळ पुढच्या गावात त्याच शब्दांनी टोमणा होई. मैफलीतला श्रोता दाद देतो. इथला श्रोता साक्ष देतो, आणि कधी कधी आरोपीही तोच असतो. दारू सोडण्यावरचे गाणे ऐकताना पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाकडे सगळ्या मंडपाची नजर जाते, तेव्हा त्या गाण्याचा ‘आस्वाद’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर आपल्या सौंदर्यशास्त्रात अजून लिहिलेले नाही.

सिनेमाच्या चालींवरून या गाण्यांना फार नाके मुरडली गेली. आपल्यातल्या शिकलेल्यांनीही मुरडली. पण चाल उसनी घेण्यात मोठे शहाणपण होते. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दांवर मोकळे राहते, आणि कोरसाला तालमीची गरज पडत नाही. दुसऱ्या ओळीला सबंध मंडप झील धरू शकतो. मी पाहिलेल्या एका गायकाच्या वहीत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर मूळ सिनेमागीताचे पहिले शब्द होते आणि समासात गावांची नावे. ज्या गावात गाणे पुन्हा मागितले गेले त्यापुढे खूण. ही वही म्हणजे त्या गाण्याची खरी संहिता. छापताना प्रकाशकाने समास उडवला.

‘हा प्रचार आहे, संगीत नव्हे’ हा आक्षेप जुना आहे, आणि त्याला भावनेने उत्तर देण्याची आपली सवयही जुनी. उत्तर त्या ८ जुलैच्या रात्रीतच आहे. ‘संयुक्त मानापमान’ कशासाठी झाले? टिळक स्वराज्य फंडासाठी. राजकीय निधी जमवण्यासाठी झालेला तो प्रयोग होता. म्हणून त्यातले गाणे कमी सुरेल होते असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणू नये. मग हेतूचा हिशेब जलशालाच का मागायचा? आणि कसबाची परीक्षा म्हणाल तर मुकाबल्यातली परीक्षा सोपी नव्हती. समोरच्या पार्टीने टाकलेल्या सवालाला त्याच बांधणीत, त्याच यमकात, उभ्या उभ्या जवाब द्यायचा. अडखळला की पोरेसुद्धा ओरडत. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्यासारखा गळा या रात्रींतच तावून निघाला. विठ्ठलाची गाणी घरोघर पोचवणारा तोच आवाज भीमगीतांचाही होता, हे पहिल्या घरांना सोयीने आठवत नाही.

ऐकण्याची जागा गाण्याचा अर्थ कशी ठरवते याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. काळ्यांच्या साहित्याविषयी आपण पुष्कळ वाचतो, त्यांच्या गाण्याविषयी कमी. मेरियन अँडरसन ही निग्रो गायिका पाश्चात्त्य अभिजात संगीतात तयार झालेली. (शब्द त्या काळचा, आज तो कोणी वापरत नाही.) वॉशिंग्टनमधले कॉन्स्टिट्यूशन हॉल हे सभागृह तिला रंगामुळे नाकारले गेले. ज्या संघटनेचे ते होते तिचा राजीनामा एलिनॉर रूझवेल्ट यांनी दिला. मग ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर ती उभी राहिली आणि सुमारे ७५,००० लोकांपुढे गाइली. रेडिओवरून देशाने ऐकले. त्या दिवशी तिने शूबर्ट गाइला आणि आपल्या लोकांची भक्तिगीतेही गाइली. पण त्या कार्यक्रमाचे स्मरण शूबर्टमुळे नाही. दार बंद केल्यावर गाणे कोठे जाऊन उभे राहिले, यामुळे आहे. आमच्याकडे फरक इतकाच की आमच्या गायकाला सभागृह नाकारले गेल्याची बातमीही होऊ शकत नव्हती. त्याने सभागृह कधी मागितलेच नव्हते. रस्ता, मैदान, चाळीचा चौक, हेच त्याचे घर.

आणि तेच घर हल्लीच्या काळात मोडले आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्या जागी ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देता येते, एवढेच. नियम वाईट आहे असे मी म्हणत नाही. आजाऱ्याला आणि परीक्षेला बसलेल्या आपल्याच पोरांना झोप हवी. पण परिणाम पाहा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. तो पूर्वी रात्रभर चाले, पहाटे संपे. रात्र गेल्याबरोबर उत्तररात्रीचे राग आता उघड्यावर ऐकायला मिळणार नाहीत म्हणून रसिक हळहळले, आणि त्यांची हळहळ छापून आली. तिच्यात खोटे काही नाही. त्याच नियमाने वस्तीतली कव्वालीची रात्रही संपली. तिच्यासाठी कोठे चार ओळी आल्या? बंद सभागृहाला या नियमातून सवलत आहे, मंडपाला नाही. ज्याच्याजवळ भिंती आणि छप्पर आहे त्याची मैफल दहानंतर आत सरकू शकते. जिची भांडी दहाला संपतात तिच्यासाठी गाणे सुरू होण्याआधीच संपलेले असते. पूर्वी मंडपात निम्म्या बायका असत. आता सात ते दहाच्या कार्यक्रमाला खुर्च्यांवर कोण बसते, हे जयंतीच्या कार्यकर्त्यांनी एकदा मोजून पाहावे.

रिकाम्या झालेल्या जागेत डीजे आला. भिंतीएवढे कर्णे, मिरवणूक, तीच वामनदादांची गाणी, पण मधले बोलणे नाही, नाव पुकारणे नाही, सवाल नाही आणि जवाबही नाही.

गेलेल्या रात्रींचे देव्हारे करण्यातही अर्थ नाही. मुकाबल्यात पुष्कळ हीण होते. स्त्री गायिकेची पार्टी समोर असली की सवाल लवकरच तिच्या अंगावर, तिच्या संसारावर घसरे, आणि मंडप टाळ्या पिटे. ज्या जलशाने तमाशाच्या गौळणीतला चावटपणा काढून टाकला, त्याच्या वारसांनी तो दुसऱ्या दाराने आत घेतला. जलशात प्रश्न विचारणारे बाबासाहेब असत. पुढे पुढे नवस फेडावा तशी आरती आली. गायकाला हे तोंडावर सांगणारा समीक्षक मंडपात नव्हता. तो साहित्य संमेलनात बसला होता. त्यामुळे चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे ठरवायचे काम एकट्या श्रोत्यावर पडले, आणि बक्षिसाच्या नोटेवर पडले.

विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला मंचावरच कोसळले आणि गेले. विलास घोगरे १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर गेले. त्यांची आणि त्यांच्या नंतरच्या शाहिरांची गाणी, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांसकट, आनंद पटवर्धनांच्या ‘जयभीम कॉम्रेड’ (२०११) या चित्रपटात सापडतात. हे काम समीक्षकाचे होते. ते कॅमेऱ्याने केले. आता कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि लाखो लोक मोबाइलवर ऐकतात. आवाज मोठा आहे, ऐकणारेही मोठ्या संख्येने आहेत. त्या छोट्या चौकटीत बाईंचा चेहरा आणि एकतारी दिसते. समोर कोण बसले आहे ते दिसत नाही.

आपल्या विद्यापीठांतून लोकगीतांवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलांना मी एवढेच सुचवतो की गीतसंग्रह काही दिवस मिटून ठेवावा आणि ज्यांनी १९६० ते १९९० मधल्या रात्री ऐकल्या त्यांच्याकडे जावे. ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. गाणे कोणते आवडले हे शेवटी विचारावे. आधी विचारावे : शेजारी कोण बसले होते, वर्गणी किती काढली होती, कोणाचे नाव पुकारले गेले, कोण मधूनच उठून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्या गाण्याविषयी कोण काय बोलले.