करुणरस आणि छारानगरची रंगभूमि

करुण नाटकापासून आनंद कां व्हावा, या प्रश्नाचा आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झाला आहे. भट्टनायकाचें साधारणीकरण घ्या किंवा ॲरिस्टॉटलचें भावविरेचन घ्या. दोन्ही उपपत्तींचें लक्ष मुख्यत्वें प्रेक्षकाकडे आहे. परंतु जखम नटाच्याच अंगावर असेल तर? अहमदाबादच्या छारानगरांतील तरुणांच्या ‘बुधन’ या नाटकानें हा प्रश्न उभा केला आहे.

ब्रिटिश अमदानींत कायद्यानें ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांपैकीं छारा ही एक. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. कलंक मात्र धुतला गेला नाहीं. फेब्रुवारी १९९८ मध्यें बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यांत अशाच शिक्क्याच्या शबर जमातीचा बुधन नांवाचा तरुण कोठडींतील मारहाणीनंतर मरण पावला. महाश्वेतादेवींच्या पुढाकारानें तें प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयांत गेलें. आणि त्याच वर्षीं ३१ ऑगस्टला छारानगरांत तें रंगभूमीवर आलें.

छारा तरुणांनीं स्वतःची कहाणी न सांगतां दूरच्या शबराची सांगितली, यांतच या नाटकाचें मर्म आहे. आपलें दुःख आपल्या नांवानें उच्चारणें कठीण असतें. परक्याच्या नांवाआडून तें बोलतां येतें. साधारणीकरण येथें प्रथम नटाच्या मनांत घडतें. शिवाय पोलिसाचा दंडुकाहि छारा तरुणाच्याच हातीं असतो. ज्याचें भय पिढ्यान्‌पिढ्या बाळगलें, त्याचा वेष अंगावर चढविला व उतरविला, म्हणजे तें भय कांहींसें उणें होत असलें पाहिजे. लक्ष्मण गायकवाडांचें ‘उचल्या’ (१९८७) आपण एकांतांत वाचतों. येथें सारी वस्ती एकत्र बसून पाहते, हा भेद लहान नव्हे.

हा केवळ प्रचार होय, असा आक्षेप येईल. पोलिसांचीं पात्रें एकरंगी आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आमची खरी शंका निराळीच आहे. अभिनवगुप्ताच्या मतें रसास्वादाची परिणति चित्ताच्या विश्रांतींत होते. ‘बुधन’चे नट शेवटीं प्रेक्षकांकडे वळून आपल्या नागरिकत्वाचाच प्रश्न विचारतात व ती विश्रांति नाकारतात. डोळे पुसून घरीं गेलेल्या रसिकाचें विरेचन झालें असेल, पण नटाच्या दाराशीं उद्यां पुन्हा पोलिस येणारच असेल, तर त्याची जखम भरली असें कोणत्या तोंडानें म्हणावें? या नाटकाचा उत्तरार्ध प्रेक्षागृहाबाहेर आहे, आणि तो प्रेक्षकांनींच पुरा करावयाचा आहे.