परकीय सारणी आणि लॉगसेवा : एका सोयीची चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकप्रणालीत घडणाऱ्या घटनांची कालक्रमाने आपोआप होणारी नोंद म्हणजे लॉग होय. आज या नोंदी बहुधा मूळ यंत्रावर न राहता अमेझॉन क्लाउडवॉच लॉग्ज यांसारख्या बाह्य सेवेकडे साठविल्या जातात. संस्थेची इतर माहिती मात्र रिलेशनल डेटाबेसमध्ये असते. या दोहोंना जोडण्याचा सुलभ मार्ग म्हणून बाह्य सेवेलाच डेटाबेसमधील एक सारणी मानून तिच्यावर एस.क्यू.एल. प्रश्न चालविण्याची पद्धत रूढ झाली आहे. या पद्धतीची तात्त्विक बाजू तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी :
ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रारूप मांडले. माहिती प्रत्यक्षात कशी साठविली आहे, याचा विचार वापरकर्त्याला करावा लागू नये, हे त्याचे एक प्रमुख सूत्र होते. एस.क्यू.एल. प्रमाणकाच्या ‘एस.क्यू.एल./एम.ई.डी.’ या भागाने हे सूत्र डेटाबेसबाहेरील माहितीलाही लागू केले. पोस्टग्रेस-एस.क्यू.एल.च्या २०११ मधील ९.१ या आवृत्तीत परकीय सारणीची सोय आली. ‘फॉरेन डेटा रॅपर’ हा घटक दुभाष्याचे काम करतो. तो एस.क्यू.एल.मधील अटी बाह्य सेवेला कळतील अशा मागणीत रूपांतरित करतो आणि आलेले उत्तर ओळींच्या रूपात परत देतो. २०२१ मध्ये आलेले ‘स्टीमपाइप’ हे साधन याच तत्त्वावर उभे आहे.

गुणपक्ष :
या पद्धतीचे महत्त्व नाकारता येणार नाही. फसलेल्या लॉगिनच्या नोंदी एका ठिकाणी आणि वापरकर्त्यांची यादी दुसऱ्या ठिकाणी असली, तरी एकाच प्रश्नाने त्यांची सांगड घालता येते. प्रत्येक सेवेची स्वतंत्र प्रश्नभाषा शिकावी लागत नाही. माहितीची अनावश्यक प्रतही करावी लागत नाही.

दोषपक्ष :
पहिला दोष कार्यक्षमतेचा आहे. क्लाउडवॉचच्या मागणीत आरंभकाळ, समाप्तिकाळ आणि शोधाचा नमुना देता येतो. वेळेची अट सरळ तुलनेच्या रूपात असेल, तर ती सेवेपर्यंत पोहोचविता येते. तीच अट वेळेच्या स्तंभावर एखादे फल लावून लिहिली, तर रॅपरला ती बहुधा पोहोचविता येत नाही. मग सर्व नोंदी मागवून डेटाबेसमध्येच गाळाव्या लागतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते; खर्चात मात्र मोठे अंतर पडते. साठवणुकीचा विचार करावा लागू नये, हे कॉड यांचे सूत्र येथे व्यवहारात टिकत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये डेटाबेसमागील ‘बंद विश्वाचे गृहीतक’ स्पष्ट केले. जे सारणीत नाही ते सत्य नाही, असा त्याचा आशय आहे. स्थानिक सारणीबाबत हे गृहीतक बव्हंशी चालते, कारण तिच्यातील नोंदींची जबाबदारी डेटाबेस स्वतः घेतो. लॉगसेवेबाबत ते चालत नाही. नोंद सेवेपर्यंत पोहोचण्यास विलंब झालेला असू शकतो. साठवणुकीची मुदत संपून ती पुसली गेलेली असू शकते. शिवाय क्लाउडवॉचच्या एका मागणीत जास्तीत जास्त १०,००० नोंदी किंवा १ मेगाबाइट माहिती येते. एखादे पान रिकामे आले, तरी पुढील पानावर नोंदी असू शकतात. रॅपर रिकाम्या पानापाशी थांबला, तर उत्तर अपुरे राहते. परंतु सारणीत त्याची कोणतीही खूण उमटत नाही. ‘शून्य ओळी’ या एकाच उत्तरात ‘घटना घडली नाही’ आणि ‘नोंद मिळाली नाही’ हे दोन भिन्न अर्थ मिसळून जातात.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. सर्ट-इन या भारतीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संबंधित संस्थांना १८० दिवसांचे लॉग जतन करावे लागतात. चौकशीत एखाद्या व्यक्तीने प्रणालीत प्रवेश केला होता की नाही, हे अशाच नोंदींवरून ठरविले जाते. अपुऱ्या उत्तराला पूर्ण उत्तराचे रूप मिळाले, तर निर्दोष व्यक्तीवर ठपका येऊ शकतो किंवा दोषी व्यक्ती सुटू शकते.

निष्कर्ष :
परकीय सारणी हे शोध घेण्याचे उत्तम साधन आहे. पुराव्याचे साधन म्हणून मात्र ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. जेथे निर्णय अवलंबून आहे, तेथे आवश्यक कालखंडातील नोंदी प्रथम स्थानिक सारणीत उतरवून घ्याव्यात. त्यांसोबत मागणीची वेळ, कालखंडाच्या सीमा आणि सर्व पाने मिळाल्याची खातरी नोंदवावी. अध्यापनातही एस.क्यू.एल.चे व्याकरण शिकविताना सारणीमागील गृहीतकाची ओळख करून देणे अगत्याचे आहे. दोन सारण्या लिहिण्यात सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या मौनाचा अर्थ सारखा नसतो.