डिजिटल नागरिकत्वाचे शालेय शिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

२०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या केली. पहिल्या घटनेत नागरिकाचा हक्क डावलला गेला, तर दुसऱ्या घटनेत नागरिकांचाच विवेक हरपला. डिजिटल नागरिकत्वाच्या शिक्षणाला या दोन्ही प्रसंगांना सामोरे जाता आले पाहिजे. या कसोटीवर प्रचलित मांडणी कितपत उतरते, याचा येथे विचार केला आहे.

संकल्पनेची मर्यादा

माइक रिबल व जेराल्ड बेली यांनी २००७ मधील 'डिजिटल सिटिझनशिप इन स्कूल्स' या ग्रंथात डिजिटल नागरिकत्वाचे नऊ घटक सांगितले. उपलब्धता, साक्षरता, शिष्टाचार, कायदा, सुरक्षितता, हक्क व जबाबदाऱ्या इत्यादींचा त्यात समावेश होतो. शिक्षकाला हाताशी धरता येईल अशी ही सुटसुटीत चौकट आहे. मात्र तिचा मुख्य भर तंत्रज्ञानाच्या उचित वापरावर असल्याने नागरिक हा 'सद्वर्तनी वापरकर्ता' ठरतो. पासवर्ड जपावा, अपशब्द टाळावेत हे योग्यच. परंतु माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य का ठरविले, हे विद्यार्थ्याला शिष्टाचाराच्या पाठातून उमगणार नाही. त्यासाठी नागरिकशास्त्राचीच गरज आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही हीच फारकत दिसते. आवश्यक कौशल्यांच्या यादीत डिजिटल साक्षरता ही कोडिंग व संगणकीय विचार यांच्या जोडीला येते, तर नागरिकत्वाची कौशल्ये व मूल्ये स्वतंत्रपणे नोंदविली जातात. ही दोन टोके जोडण्याचे काम शाळेवर येते. शाळेने ते संगणकाच्या तासिकेकडे सोपविले, तर यंत्र शिकविले जाते आणि नागरिकत्व बाजूला राहते.

सर्व विषयांतून अध्यापन

फिनलंडच्या २०१४ च्या राष्ट्रीय गाभा अभ्यासक्रमाने (अंमलबजावणी २०१६ पासून) बहुविध साक्षरता ही सात आंतरविषयक क्षमतांपैकी एक मानली आणि तिची जबाबदारी सर्व विषयांवर टाकली. ही दिशा अधिक समर्पक वाटते. कराची येथे बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार झालेली एक चित्रफीत २०१८ मध्ये शेवटचा खुलासा वगळून भारतात खऱ्या अपहरणाची म्हणून फिरविली गेली. भाषेच्या तासाला शेवट कापल्याने कथनाचा अर्थ कसा उलटतो, हे दाखविता येईल. गणितात एकाने पाच जणांना आणि त्या प्रत्येकाने नव्या पाच जणांना संदेश पाठविल्यास आठव्या टप्प्यावर ३,९०,६२५ व्यक्तींना तो मिळतो, हे मांडता येईल. इतिहासात हे साधन कोणी, केव्हा, कशासाठी निर्माण केले, असे विचारता येईल. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाडे यांच्या परंपरेला साधनचिकित्सा नवी नाही. ती फक्त मोबाईलच्या पडद्यापर्यंत आणावयाची आहे.

एक आक्षेप

सर्वांवर सोपविलेले काम कोणाचेच राहत नाही, हा आक्षेप गंभीर आहे. पर्यावरण शिक्षणाचे उदाहरण महाविद्यालयीन प्राध्यापकांना परिचित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर हा विषय अनिवार्य झाला; तथापि प्रकल्पवही आणि गुणपत्रक यांपलीकडे तो किती पोहोचला, हा प्रश्न उरतोच. म्हणून प्रत्येक विषयाच्या पाठ्यक्रमात नेमका घटक, त्याचे मूल्यमापन आणि शाळेत एक समन्वयक शिक्षक निश्चित असणे आवश्यक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अध्यापक महाविद्यालयांतील प्रत्येक विषयाच्या अध्यापनपद्धतीत हा घटक आला पाहिजे. जे शिक्षकाने स्वतः केलेले नाही, ते तो वर्गात करवून घेऊ शकणार नाही.

निष्कर्ष

डिजिटल नागरिकत्व ही सूचनांची यादी नसून पुरावा तपासण्याची, हक्क ओळखण्याची आणि अनोळखी माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची सवय आहे. अशी सवय आठवड्यातील एका तासिकेत रुजत नाही. तिच्यासाठी नवा विषय वाढविण्यापेक्षा असलेल्या विषयांनी आपली मूळ शिस्त प्रामाणिकपणे शिकविणे अधिक फलदायी ठरेल.