‘परस्पर’ : एक शब्दविचार

संस्कृतांतून मराठींत आलेल्या शब्दांपैकीं कित्येकांचे अर्थ वाटेंत पालटले, हें सर्वांस ठाऊक आहे. ‘परस्पर’ या शब्दाची गोष्ट मात्र कांहींशी निराळी आहे. त्याचा मूळचा अर्थ मराठींत जशाचा तसा नांदत असून त्याच्याच शेजारीं दुसरा एक अर्थ येऊन बसला आहे; आणि वरवर पाहतां हे दोन अर्थ अगदीं उलट दिसतात. ‘त्या दोघांचें परस्परांवर प्रेम आहे’ असें आपण म्हणतों, आणि ‘त्यानें वडिलांचें शेत परस्पर विकलें’ असेंही म्हणतों. पहिल्या वाक्यांत दोघांचा एकमेकांशीं संबंध आहे. दुसऱ्यांत ज्याच्याशीं संबंध राखावयाचा त्यालाच वगळलें आहे. यावरून हा दुसरा प्रयोग भ्रष्ट होय, सुशिक्षितांनीं तो टाकावा, असें कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य नाहीं. कां, तें थोडक्यांत सांगतों.

‘परस्पर’ हा शब्द ‘पर’ शब्दाच्या द्विरुक्तीनें बनला. ‘अन्योन्य’ व ‘इतरेतर’ हीं त्याचींच भावंडें. तिहींतही ‘दुसरा’ या अर्थाचा शब्द दोनदां आला आहे; म्हणजे या संबंधांत कोणी ‘पहिला’ नाहीं, दोघेही एकमेकांस ‘दुसरे’. आपला ‘एकमेक’ हा शब्द प्राकृत ‘एक्कमेक्क’ यापासून आला. तो मोजणी ‘एका’पासून करितो. अर्थ दोन्हींचा एकच. पण ‘एकमेक’ शब्दास मराठींत वगळण्याचा अर्थ कधींच चिकटला नाहीं; तो ‘परस्परा’सच चिकटला. तो कसा, हें पुढील उदाहरणावरून लक्षांत येईल.

दोन भाऊ बसून वाटणीचें बोलणें करितात. त्यांनीं ‘परस्पर ठरविलें’, म्हणजे आपसांत ठरविलें. हा मूळचाच अर्थ झाला. पण हेंच वाक्य सासरीं नांदणारी बहीण उच्चारते, तेव्हां त्याचा सूर पालटतो. मला न विचारतां ठरविलें, असें तिला म्हणावयाचें असतें. शब्द तोच, घडलेली गोष्टही तीच. बोलणारी व्यक्ति मात्र आंतली नसून बाहेरची आहे. दुसऱ्या अर्थाचा उगम असाच झाला असावा असें आम्हांस वाटतें. पुढें त्यांतील दोघेपणा गळाला व वगळणें तेवढें उरलें. म्हणूनच एकटा मनुष्यही कचेरींतून परस्पर स्टेशनावर जाऊं शकतो. तेथें वगळलें जातें तें केवळ घर. तात्पर्य, दुसरा अर्थ पहिल्याचा शत्रु नाहीं. दोघांच्या एकीकडे तिसऱ्यानें उंबऱ्याबाहेरून पाहिलें असतां जें दिसतें, तें मराठीनें त्यांत नोंदवून ठेविलें आहे.

या भेदाची किंमत घरगुती व्यवहारांत कळते. महाराष्ट्रांत १९९४ च्या व पुढें देशभर २००५ च्या कायद्यांतील दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क मिळाला. भावांनीं आपसांत ठरविलें म्हणजे संपलें, असें आतां राहिलें नाहीं. बहिणीच्या तोंडचें ‘परस्पर’ हें पूर्वीं गाऱ्हाणें होतें. आज ती हरकत आहे. तसेंच हिंदु विवाहाच्या कायद्यांत १९७६ सालीं उभयतांच्या संमतीनें घटस्फोट घेण्याची तरतूद झाली. तिला मराठींत ‘परस्पर संमतीनें घटस्फोट’ म्हणतात. त्यांतील ‘संमतीनें’ हा एक शब्द गाळून पाहावा. ‘परस्पर घटस्फोट घेतला’ याचा अर्थ जोडीदारास कळूं न देतां घेतला, असाच कोणीही करील.

तेव्हां शब्द टाकावयाचा नाहीं, जपून वापरावयाचा आहे. ‘परस्परांचा’, ‘परस्परांस’ असा विभक्तीसह आला, किंवा ‘परस्परविरोध’, ‘परस्परसंबंध’ असा समासांत बसला, म्हणजे तो मूळच्या अर्थीं असतो. क्रियापदामागें एकटा उभा राहिला कीं बहुधा कोणास तरी वगळतो. जेथें घोटाळ्याचा संभव, तेथें ‘आपसांत’ किंवा ‘न विचारतां’ असें उघड लिहावें.

भाषांतरकारांस आणखी एक सूचना. डिकन्सच्या १८६४-६५ सालीं निघालेल्या कादंबरीच्या नांवांत ‘म्युच्युअल फ्रेंड’ असे शब्द आहेत. इंग्रजींतील शुद्धिप्रिय मंडळी अशा प्रयोगास हरकत घेतात; दोघांना सारख्याच जवळच्या तिसऱ्यास ‘कॉमन’ म्हणावें, असें त्यांचें म्हणणें. इंग्रजींत तो वाद कसाही मिटो, मराठींत ‘आमचे परस्पर मित्र’ हें चालावयाचें नाहीं. ‘आम्हां दोघांचे मित्र’ एवढें पुरे. विहीर सामाईक असते, बांध सामाईक असतो. मित्रास दोघांचा म्हणावें, आणि ‘परस्परांचें’ हें विशेषण प्रेम, वैर, विश्वास अशा दोहों बाजूंनीं वाहणाऱ्या गोष्टींसाठीं राखावें.

असो. ‘आम्हीं परस्पर ठरविलें’ असें लिहिण्याचा प्रसंग आला, तर लेखणी क्षणभर थांबवून, ज्यास विचारावयास हवें होतें असें कोणी राहून गेलें काय, हें पाहावें. राहिलें असल्यास वाक्य सुधारण्याआधीं त्या माणसास विचारावें.